कॅप्टनसाठी निळा चहा

३ मार्च, सोमवार. सकाळी.

ठरलं. चहा.

काल जेवताना हिने सांगितलं, सातव्या पुस्तकाचं प्रकाशन तेवीस तारखेला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. आणि प्रकाशक म्हणतोय, हे खपलं नाही तर मालिका बंद. बोलताना तिचा आवाज जरा बसला होता. मला फार वाईट वाटलं. ताट उचलून ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात सगळी योजना तयार होती.

ही रहस्यकथा लिहिते. एकच बंदर, एकच टोळकं. कॅप्टन म्हणजे डिटेक्टिव्ह, नर्स त्याची मदतनीस, शिवाय एक काळ्या मनाचा वकील आणि एक संशयास्पद माळी. लोक वेड्यासारखे वाचतात. तर कल्पना अशी: प्रत्येक पात्राचा एक चहा. स्पेशल ब्लेंड. वाचकाने हॉलमध्ये यावं, आवडत्या पात्राचा चहा प्यावा, खूश होऊन पुस्तक घ्यावं. असं आजवर कुणी केलेलं नसणार. केलं असतं तर कानावर आलं असतं.

माझ्यापुरता एक छोटा मुद्दाही आहे. अर्पणपत्रिका. पहिलं पुस्तक हिने तिच्या आईला अर्पण केलं, दुसरं भावाला, तिसरं शाळेतल्या बाईंना, चौथं प्रकाशकाला, पाचवं लेकीला आणि सहावं मांजराला. मांजरानंतर मीच उरतो.


४ मार्च, मंगळवार.

सामान आणलं. गोकर्णाची वाळलेली निळी फुलं, जास्वंद, गुलाबपाकळ्या, दालचिनी, मिरी, पुदिना. दुकानदाराने विचारलं, कुणी आजारी आहे का घरात? हसलो फक्त.

पद्धत साधी आहे. पेंट कंपनीत तीस वर्षं शेड मॅचिंग केलंय. आधी पात्राचा रंग ठरवायचा, मग कपात तो रंग आणायचा. रंग जमला की चव मागून आपोआप येते. शेडकार्ड अजून कपाटात आहे, रिटायर होताना मी ते परत केलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं.


५ मार्च, बुधवार.

कॅप्टन पक्का निळा. नेव्ही.

कॅप्टन कुणावरून घेतलाय हे हिने कधी सांगितलेलं नाही, पण सांगायची गरजच काय? तो रिटायर झालेला, मी रिटायर झालेला. तो समुद्रावरचा माणूस, मी जहाजांच्या रंगाच्या सेक्शनला सात वर्षं काढलेली. तो उंच आहे. मी बसलेला असताना उंचच वाटतो. तो मोजकं बोलतो. याबाबतीत मी हिला सकाळी तासभर समजावून सांगितलं की मोजकं बोलणं हा माझा मूळ स्वभाव आहे. ही काही बोलली नाही, म्हणजे पटलं.


७ मार्च, शुक्रवार.

पहिली बॅच: वकील. काळा. नुसत्या पत्तीने चॉकलेटीच होतो, म्हणून पावाच्या कडा करपवून त्यात उकळल्या. मिरी घातली. रंग अप्रतिम, अगदी लोखंडी गेटला मारतात तसा. नाव ठेवलं ‘नरडीचा घोट’. स्वतःवरच खूश झालो.

टेस्टिंगला मेहुण्याला बोलावलं. तो दातांचा डॉक्टर आहे, तोंडाचं त्याला कळतं. एक घोट घेऊन बराच वेळ तसाच बसला. मला वाटलं चव जिभेवर खेळवतोय. मग उठून बेसिनकडे गेला. परत येऊन म्हणाला, भाऊजी, हा चहा रोज लोकांना पाजा, माझ्या क्लिनिकला बरकत येईल. डॉक्टर मंडळींची विनोदबुद्धी बेताचीच असते.

हिनेही ओठ लावून पाहिले. म्हणाली, रंग छान आहे.


९ मार्च, रविवार.

माळ्याचा हिरवा. पुदिन्याने फिकट पिस्ता शेड येते, बाथरूमची. गडद पाहिजे म्हणून पालक घातला. लेक आली होती, तिला कप दिला. तिने विचारलं, हे काय? म्हटलं, पालक. ती म्हणाली, मग पालकांनीच प्या. शिक्षण देऊन मुलं अशी बोलतात.

नंतर ओटा पुसता पुसता तिने सहज विचारलं, बाबा, तुम्ही आईची सगळी पुस्तकं वाचलीत ना? चौथं वाचलंत ना?

काय प्रश्न! पहिलं शब्दन् शब्द वाचलंय. दुसऱ्याच्या वेळी ऑडिट होतं. तिसरं पाहुण्यांनी नेलं. चौथं हातात घेतलं होतं, तेवढ्यात खिडक्यांना रंग द्यायचं निघालं. पण ज्याच्यावरून पात्र बेतलंय त्याने ते वाचलंच पाहिजे असं कुठे आहे? मी तर आतून ओळखतो त्याला. शिवाय मुखपृष्ठं मी फार बारकाईने पाहतो, आणि त्यावरून गोष्ट कळतेच. लेकीला म्हटलं, अर्थात वाचलंय. तिने फडकं पिळलं आणि पुन्हा पिळलं.


१० मार्च, सोमवार.

मुखपृष्ठं पुन्हा काढून पाहिली. एक गोष्ट लक्षात आली. पाचव्यापासून कॅप्टन चित्रात दिसतच नाही. एकटी नर्स कंदील घेऊन उभी. चित्रकाराला कॅप्टनची मिशी जमत नसणार. किंवा निळी शाई महाग झाली असेल. प्रकाशकाला फोन करून झापावं म्हटलं, पण प्रकाशनापर्यंत गोड बोलायचं धोरण आहे.


१२ मार्च, बुधवार.

कॅप्टन झाला! गोकर्णाची मूठभर फुलं, उकळतं पाणी, दालचिनीचा एक तुकडा. पहिल्याच फटक्यात नेव्ही ब्लू. काचेच्या कपात धरला तर अंगावर काटा आला. चव म्हणाल तर फारशी नाही. भिजवलेल्या दोऱ्यासारखी आहे थोडी. पण कॅप्टनही वरवर तसाच असणार, आत खोल.

एक तांत्रिक अडचण. हिने सवयीने त्यात लिंबू पिळलं आणि सबंध कप डोळ्यांदेखत गुलाबी झाला! असा दोष आमच्या कंपनीत सापडला असता तर अख्खी बॅच परत आली असती. ही मात्र कपाकडे बघत बसली. म्हणाली, असं होतं होय त्याचं. मी म्हटलं, हॉलमध्ये लिंबू दिसता कामा नये, तूच लक्ष ठेव.


१३ मार्च, गुरुवार.

नर्स गुलाबी. जास्वंदीने आंबट, गुलाबाने साबणासारखी. दोन्ही एकत्र केल्यावर आंबट साबण. बीट घातलं. आता शेड बरोबर आहे.

ही म्हणाली, अहो, लोक येतील त्यांना साधा चहा ठेवा, बाकी काही नको. म्हटलं, साधाही ठेवू, एका थर्मासात, बॅकअप म्हणून. तिने विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? म्हटलं, तुझ्यासाठीच की. हे अगदी खरं आहे. ती थोडी हसली आणि मला बरं वाटलं. मग म्हणाली, रंग छान आहेत सगळे.


१५ मार्च, शनिवार.

पुस्तकं आली. टेम्पोवाल्याने दहा खोकी खाली उतरवली आणि निघून गेला. लिफ्ट बंद. सगळी खोकी मी स्वतः वर आणली. पाठ गेली कामातून. पण बायकोच्या पुस्तकांसाठी पाठ मोडणारे नवरे किती असतात?

चार खोकी जोडून वर टेबलक्लॉथ टाकला. उत्तम टेस्टिंग टेबल झालं.

ही म्हणाली, एखादं उघडून बघा की. अर्पणपत्रिका मी एरवी सगळ्यात आधी पाहतो. पण या वेळी नाही. हिने स्टेजवरून जाहीर करावी, मी पहिल्या रांगेत चकित व्हावं. चकित चेहऱ्याची प्रॅक्टिस करून ठेवली आहे. आणि समजा माझं नाव नसलंच, तर आठवडाभर आधी कळून काय फायदा? पण तसं असणारच नाही. हिला म्हटलं, प्रकाशनाच्या दिवशीच उघडणार, सरप्राइज घालवायचं नाही. हिने टेबलक्लॉथची घडी सरळ केली. मग बरं म्हणाली आणि आत गेली.


१८ मार्च, मंगळवार.

हिने पुन्हा विचारलं, बघितलंत का? म्हटलं, कुठे वेळ आहे, नर्सच्या तळाशी गाळ बसतोय. खोक्याला हात लावायचा म्हणजे वरची अठरा भांडी हलवावी लागतील.

लेखक मंडळींना प्रकाशनाआधी अशी धास्ती असते. मी समजून घेतो.


१९ मार्च, बुधवार.

माळी बाद. पालकाला झाकण लावून ठेवलं होतं, सकाळी उघडलं. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, गॅस गळतोय का?

तीन चहा पुरेत. जास्त व्हरायटीने गिऱ्हाईक गोंधळतं, हे आमच्या मार्केटिंगवाल्याचं वाक्य होतं.


२१ मार्च, शुक्रवार.

भाषण तयार. मोजकं. सहा पानं. कॅप्टनच्या चहाचा कप वर उचलून मी चार शब्द बोलणार, मग सगळ्यांनी प्यायचं. लेकीला वाचून दाखवणार होतो, पण तिने फोनवरच विचारलं, बाबा, पुस्तक उघडलंत का? म्हटलं, तूही सुरू झालीस? ती म्हणाली, बाबा, प्लीज. मग तिच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन राहिला. मायलेकी दोघींनी एकदमच डोकं खायचं ठरवलेलं दिसतंय. भाषण अजून कुणाला दाखवलेलं नाही. ताजं राहील.


२३ मार्च, रविवार. सकाळी.

आज. तीन थर्मास भरले, चौथा साधा. निळा शर्ट घातला. ही तयार होऊन खुर्चीत बसली आहे, हात गार पडलेत. म्हणाली, आजवर एवढी भीती कधी वाटली नव्हती, मालिका बंद झाली तर मी सकाळी उठून करायचं काय? मी तिचा हात धरून म्हटलं, मी आहे ना. आज मी सगळं सांभाळतो.


२३ मार्च. संध्याकाळी.

विजय!! लिहिताना अक्षर वाकडं येतंय. थोडं थर्मास उचलूनही असेल.

क्रमाने लिहितो. हॉल भरला होता, मागे लोक उभे. दारातच विक्री, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि सगळे पहिलंच पान उघडून बघत होते. बघून माझ्याकडे वळून हसत होते. मी ओळखलं! माझं नाव आहे! मीही हसून मान तुकवत राहिलो. हिने एक प्रकरण वाचून दाखवलं. अर्पणपत्रिका मात्र वाचली नाही, विसरली असेल घाईत. मग प्रकाशकाने चहाची घोषणा केली आणि मी माइक घेतला.

सहाच्या सहा पानं लागलीच नाहीत. निळा कप वर धरला आणि म्हटलं, कॅप्टनला माझ्याइतकं जवळून कुणीच ओळखत नाही. तो आज इथे, या हॉलमध्ये, तुमच्यासमोर उभा आहे असंच समजा. कॅप्टनला दीर्घायुष्य लाभो, आणि आठव्या भागातही त्याने खुन्यांच्या तोंडचं पाणी असंच पळवत राहावं!

क्षणभर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग जो हशा उसळला! लोक खुर्च्यांवर वाकडे झाले. एक आजीबाई पदराने डोळे पुसत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, आणि चहा निळा, वाहवा! कुणाकडे तरी साध्या चहाचं लिंबू होतंच, ते त्याने कॅप्टनमध्ये पिळलं, कप गुलाबी झाला, त्यावर पुन्हा टाळ्या. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, पहिलं पान तरी वाचलंत का? म्हटलं, बाई, सातही पुस्तकं पाठ आहेत. त्या हसत हसत खाली बसल्या.

प्रकाशकाने माझा हात दाबला. म्हणाला, काय हो तुमचा चेहरा, एक रेषसुद्धा हलली नाही! म्हटलं, कॅप्टनचाच चेहरा आहे. तो भिंतीला टेकून हसला. पुस्तकं सगळी संपली. खोकी रिकामी, घरी ठेवलेली चार सोडून. आठवा भाग नक्की, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

चहा बराचसा उरला आहे. साधा मात्र पहिल्यांदा संपला.

ही हसताना दिसली नाही. घरी येताना मागे मागे चालत होती. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतायत.


२४ मार्च, सोमवार.

सकाळी लेकीचा फोन. मी कालचं यश सविस्तर सांगायला घेतलं. तिने मधेच थांबवलं.

कॅप्टन मेला आहे.

चौथ्या भागाच्या शेवटी. वादळात सगळ्या उतारूंना बोटीतून उतरवून बोटीबरोबर तो खाली गेला. पाचव्यापासून सगळा तपास नर्स करते. हे अख्ख्या हॉलला माहीत होतं. दुकानदारालासुद्धा माहीत असेल. बुडालेल्या माणसाच्या नावाने मी निळ्या पाण्याचा कप उचलला आणि त्याला दीर्घायुष्य चिंतलं. लोकांना वाटलं, काय बेरकी विनोद करतो हा माणूस.

म्हटलं, चहाचा काही दोष नव्हता ना पण? लेक म्हणाली, बाबा.

मग ती म्हणाली, ते प्रकरण लिहिताना आई आठवडाभर रडत होती. तुम्ही घरातच होतात.

होतो. खिडक्यांना रंग देत होतो. हिचे डोळे लाल दिसले होते, मला आठवतंय. मी म्हटलं होतं, ऑइलपेंट झोंबतोय तुला, जरा बाहेर जाऊन बस. आणि ती गेली होती.

लेक म्हणाली, आता खोकं उघडा.

भांडी खाली ठेवली. टेबलक्लॉथ काढला. त्याला बिटाचा डाग पडलाय, खोक्यापर्यंत झिरपलाय. वरचं पुस्तक कडेला गुलाबी झालं होतं. खालचं घेतलं. पहिलं पान. मधोमध दोन ओळी.

ह्यांना.
वाचलंत की सांगा.

नाव नाही. जन्मात कधी हिने माझं नाव घेतलं नाही, माझ्याबद्दल बोलायचं तर हे आणि ह्यांना. छापतानाही तसंच.

नऊ दिवस मी त्यावर चहा गाळत होतो. काल हॉलमधल्या प्रत्येकाने ते माझ्या आधी वाचलं, आणि वाचून माझ्याकडे बघितलं. मी माना तुकवल्या. आणि ही स्टेजवर बसून ते सगळं बघत होती.

लाज वाटली. एवढंच लिहितो.


२५ मार्च, मंगळवार.

संकल्प. सात पुस्तकं, रोज एक. आठव्या दिवशी हिला सविस्तर अभिप्राय. शक्य झालं तर प्रकरणवार, तक्त्यासह.

दुपारी सुरुवात केली. चष्मा सापडेना. मग सापडला. मग उजेड डाव्या बाजूने हवा म्हणून खुर्ची फिरवली. पण वाचलं. खरंच वाचलं. चांगलं लिहिते की ही! बंदरावरचा रंग उडालेला कठडा असा लिहिलाय की मला थेट त्याचा शेड नंबर आठवला.

थर्मास धुऊन वरच्या फळीवर टाकले.


२६ मार्च, बुधवार. दुपारी.

ही टेबलाच्या त्या बाजूला बसून आठव्याचं काहीतरी खरडत होती. मी म्हटलं, वाचतोय.

तिने मान वर न करता विचारलं, कुठवर आलात?

म्हटलं, कॅप्टन चौकीवर येतो, हवालदार त्याच्यापुढे चहा ठेवतो, तर तो कप बाजूला सारून म्हणतो की चहाच्या नुसत्या वासाने मला मळमळतं, कॉफी आणा. तिथवर.

पेन थांबलं. म्हणाली, मला वाटलं चौथं घेतलंत, हे चौथ्यात नाही.

म्हटलं, नाही. पहिल्यात आहे. पान अकरा.

ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, म्हणजे पहिलंसुद्धा नाही?

म्हटलं, नाही.